बंद गाडीतलं वाचन

समाधान ओव्हाळला वाचता येत नाही असं त्याच्या ऑफिसात कुणी म्हटलं असतं, तर ती थट्टाच वाटली असती. हिंजवडीतल्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळणाऱ्या टीमचा तो लीड होता. हाताखाली डझनभर पोरंपोरी, बहुतेक सगळी इंजिनिअर. कुठे काही बंद पडलं की ती आधी त्याच्याकडे बघायची. तो खुर्ची पुढे ओढायचा, काळ्या पडद्यावर भराभर आज्ञा टाकायचा आणि कुठे काय अडकलंय ते शोधून काढायचा.

पण त्या आज्ञा म्हणजे दोन-तीन शब्दांच्या तुटक ओळी. वर्षानुवर्षं पाहून त्या त्याला ओळखीच्या चेहऱ्यांसारख्या झाल्या होत्या. सलग लिहिलेलं पान समोर आलं की गोंधळ व्हायचा. मराठी असो की इंग्रजी, ओळ संपली की नजर खालच्या ओळीवर न येता भलतीकडेच उतरायची. परिच्छेदाच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असायची. शब्द वाचता यायचे, पान वाचता यायचं नाही.

म्हणून पान टाळायची कला त्याने कमावली होती. लांबलचक मेल आली की तो पाठवणाऱ्याला फोन करायचा, "अरे, तोंडीच सांग ना, पटकन होईल." मीटिंगमध्ये कुणी कागद पुढे केला की "मेलवर टाका, निवांत बघतो," म्हणायचा, आणि मग टीममधल्या कुणाला तरी "तुला काय वाटतं यातलं?" असं विचारून सगळं काढून घ्यायचा. लोक म्हणायचे, ओव्हाळ सरांना कागदी घोडे आवडत नाहीत, ते कामाचे माणूस आहेत. हे ऐकलं की त्याच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

ही लाज जुनी होती. त्याचे वडील सुखदेव कारखान्यात फिटर होते, पण कर्वेनगरच्या त्यांच्या वस्तीत त्यांची ओळख वेगळीच होती. वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून पुढचे तीन महिने, वस्तीतल्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालायचं आणि ते सुखदेव करायचे. पाळी संपवून, हातपाय धुऊन, पांढरा सदरा घालून ते बसायचे. आवाज खणखणीत, अडखळणं माहीत नाही. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा बायका पदर सावरून पुढच्या रांगेत ऐकायला बसायच्या. समाधानची आई कांताबाई त्यांच्यातच. आजोबांच्या पिढीने दीक्षा घेतली तेव्हापासून या घरात पुस्तकाला जो मान होता तो दुसऱ्या कशालाच नव्हता.

अशा घरातला मुलगा चौथीत धडा वाचायला उभा राहिला. एक ओळ वाचली, दुसरी सोडून तिसरी वाचली, पुन्हा पहिलीवर आला. वर्ग हसला. गुरुजीही हसले. "ओव्हाळ, तुझा बाप विहारात ग्रंथ वाचतो ना रे? मग तू कुणावर गेलास?"

त्यानंतर समाधानने वर्गात कधी वाचलं नाही. उभं केलं की तो गप्प राहायचा, छडी खायचा आणि खाली बसायचा. धडे शेजारच्या मुलाच्या तोंडून ऐकून पाठ करायचा. पाठांतरावर दहावी झाली, बारावीही कशीबशी निघाली. कॉमर्सला नाव घातलं, पण पहिल्याच वर्षी पुस्तकांचा गठ्ठा बघून तो मागे फिरला. ते साल अठ्ठ्याण्णव. टिळक रोडपासून कोथरूडपर्यंत जिकडेतिकडे कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. त्यातल्याच एकात त्याने हार्डवेअर आणि नेटवर्किंगचा कोर्स केला. तिथे वाचायचं कमी आणि उघडून बघायचं जास्त होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो हुशार ठरला. आधी सायबर कॅफे, मग एका बँकेच्या शाखांमधली केबल ओढायची कामं, मग हिंजवडी. डिग्री कुणी विचारली नाही. तेव्हा माणसंच मिळत नव्हती.

घरी अण्णांनी, म्हणजे सुखदेवांनी, दोन-तीन वर्षं विचारून पाहिलं होतं. "या वर्षी एक दिवस तू वाच की विहारात."

"अण्णा, शिफ्ट आहे."

मग त्यांनी विचारणं सोडलं. कुणी समाधानचं नाव घेतलंच तर तेच आधी म्हणायचे, "त्याला वेळ नसतो हो."

दोन हजार बावीसमध्ये त्याची कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. नव्या मालकांना सगळ्यांची कागदपत्रं हवी होती. एचआरमधली निकिता, पंचविशीची मुलगी, त्याच्या जागेवर आली.

"सर, तुमचं डिग्री सर्टिफिकेट अपलोड झालेलं दिसत नाहीये."

"नाहीये ते."

"म्हणजे सापडत नाहीये का? डुप्लिकेट मिळतं, सर."

"डिग्रीच नाहीये."

निकिताने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. दवाखान्यात रिपोर्ट सांगताना आणतात तसा. "इट्स ओके, सर. लीडसाठी तशी पॉलिसी आहे फक्त. तुम्ही कुठे एनरोल झालात तरी चालेल. मुदत देतात."

तिने आवाज खाली आणला नसता तर बरं झालं असतं, असं त्याला दिवसभर वाटत राहिलं.

एका मुक्त विद्यापीठाच्या ऑनलाइन बी.ए.ला त्याने नाव घातलं. घरी बायकोला, कल्याणीला, सांगितलं की ऑफिसचं काहीतरी सर्टिफिकेशन आहे. पहिल्या सेमिस्टरला एक विषय सगळ्यांना सक्तीचा होता: 'महाविद्यालयीन वाचन'. लेख वाचायचे, लेखक काय म्हणतोय ते ओळखायचं, त्यावर लिहायचं. विषयाचं नाव बघूनच त्याने लॅपटॉप मिटला होता. दोन दिवसांनी परत उघडला.

सुरुवात मात्र झोकात झाली. वर्गात बहुतेक नोकरी करणारे, वय वाढलेले लोक होते. कुणाचा पासवर्ड चालेना, कुणाला व्हिडिओ दिसेना, कुणाला उत्तरं कुठे लिहायची ते सापडेना. समाधानसाठी हा हातचा मळ. त्याने व्हॉट्सॲप ग्रुप काढला, एकेकाला फोनवर समजावून सांगितलं. खडकवासल्याच्या पुढच्या एका गावातली मुक्ताई नावाची अंगणवाडी सेविका तर रडकुंडीला आली होती. तिला त्याने अर्धा तास देऊन वर्गात आणून बसवलं. दोन दिवसांत तो सगळ्यांचा 'ओव्हाळ सर' झाला. वर्गात शिरायचं कसं हे त्याने सगळ्यांना शिकवलं, आणि स्वतः वाचायला बसला तेव्हा पहिल्या लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात अडकला.

त्याने तीनदा सुरुवात केली. मग त्याच्या लक्षात आलं की पान उलटलं की वेबसाइट ते 'वाचलं' म्हणून नोंदवते. पानं आपोआप उलटणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहायला त्याला फार वेळ लागला नाही. अख्ख्या प्रकरणासमोर हिरवी खूण आली. ती बघून त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची शरमही वाटली.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या चर्चेच्या पानावर बाईंची नोंद आली. शिकवायला प्राध्यापक आनंदी परचुरे होत्या. शनिवार पेठेत राहणाऱ्या, कॉलेजातून निवृत्त झालेल्या. त्यांनी लिहिलं होतं: "आपल्या वर्गातल्या एका गृहस्थांनी पहिलं अख्खं प्रकरण चहा गार व्हायच्या आत वाचून संपवलं आहे. त्यांचं अभिनंदन. इतकी वर्षं शिकवूनही मला ते तेवढ्या वेळात जमलेलं नाही."

नाव नव्हतं. खाली बऱ्याच जणांनी हसण्याची चित्रं टाकली होती. न टाकावं तर संशय येईल म्हणून समाधाननेही एक टाकलं.

त्याच आठवड्यात पहिली चाचणी झाली. त्याला तीसपैकी सात मिळाले. मुक्ताईचा मेसेज आला, "सर मला बारा हायेत. लई कमी पडले. तुम्हाला किती?"

त्याने लिहिलं, "ठीक आहेत."

मग त्याने बाईंना कळवलं की कामाच्या ताणामुळे हा विषय सोडावा लागतोय. तासाभरात बाईंचा फोन आला. तो ऑफिसच्या जिन्यात जाऊन उभा राहिला.

"ओव्हाळ ना? परचुरे बोलतेय. आपण सोडणार असं कळवलंत. सोडा. त्याला माझी परवानगी लागत नाही. एक विचारायचं होतं फक्त. आपल्याला वाचायचा कंटाळा आहे, की आपल्याला वाचता येत नाही? दोन्हींचं औषध वेगळं आहे म्हणून विचारलं."

वरच्या मजल्यावरून कुणीतरी हसत खाली येत होतं. ते जाईपर्यंत तो भिंतीकडे तोंड करून थांबला.

"येत नाही," तो म्हणाला. हे शब्द त्याने आजवर कुणासमोर उच्चारले नव्हते. स्वतःशीसुद्धा नाही. डोळ्यांत पाणी आलं त्याचाही त्याला राग आला.

बाई म्हणाल्या, "ओळी सुटतात?"

"हो."

"शेवट येईपर्यंत सुरुवात विसरायला होते?"

"हो. मॅडम, तुम्हाला कसं..."

"दर वर्षी कुणीतरी असतं. बहुतेक जण सोडून जातात. ऐका आता. लेख कागदावर छापून घ्या. पोस्टकार्डाएवढी पुठ्ठ्याची पट्टी कापा आणि वाचायच्या ओळीखाली धरा. मोठ्याने वाचा. एक परिच्छेद झाला की थांबा, कागद उलटा ठेवा आणि त्यात काय होतं ते एका वाक्यात बोला. बोलता आलं नाही तर परत वाचा. रोज एकाच वेळी आणि एकाच जागी. फोन दुसऱ्या खोलीत. आणि आठवड्यातून एकदा ते बोलणं मला रेकॉर्ड करून पाठवा. आपली ती यंत्रातली करामत बंद."

"बंद केली, मॅडम."

"बरं."

मोठ्याने वाचायचं, पण कुठे? वारज्यातला त्यांचा फ्लॅट दोन खोल्यांचा. भिंतीपलीकडे मुलगा प्रज्ञेश अभ्यास करायचा. कल्याणी कर्वेनगरच्या एका शाळेत क्लार्क होती आणि सकाळी तिची घाई असायची. चाळिशी ओलांडलेल्या बापाचं अडखळत वाचणं त्यांनी ऐकावं ही कल्पनाच त्याला सहन होईना. म्हणून तो रोज सकाळी गाडी पुसायची म्हणून खाली उतरायचा आणि पार्किंगमध्ये काचा वर करून मागच्या सीटवर वाचत बसायचा. फोन बाईंच्या सांगण्याप्रमाणे वर चार्जिंगला.

पहिले काही दिवस वाईट गेले. पट्टीने ओळ सुटायची थांबली, पण आवाज ऐकून त्याचा त्यालाच संकोच व्हायचा. तो चौथीतलाच आवाज होता. पानभर वाचून झालं की शर्ट पाठीला चिकटलेला असायचा. त्याने पाठवलेल्या पहिल्या रेकॉर्डिंगवर बाईंचं उत्तर आलं: "परिच्छेदात काय आहे ते विचारलं होतं. आपलं मत विचारलेलं नाही. मताची घाई नाही." दुसऱ्यावर आलं: "निम्मं बरोबर." त्या दोन शब्दांवर त्याने अख्खा आठवडा काढला.

सोसायटीतल्या तात्यारावांनी त्याला गाडीत बघितलं. ते निवृत्त गृहस्थ, रोज सकाळी चालायला निघायचे. काच ठोठावून म्हणाले, "काय ओव्हाळ, घरातून काढलं का?" समाधान ओशाळून हसला. पण तात्यारावांचं तेवढ्यावर भागलं नाही. लिफ्टमध्ये ते कल्याणीला म्हणाले, "मिस्टर रोज सकाळी गाडीत बसून कुणाशी तरी बोलत असतात. बरं आहे ना सगळं?"

दुसऱ्या दिवशी कल्याणी मागोमाग खाली आली. काचेतून तिला तो बोलताना दिसला. तिने झटक्यात दार उघडलं. समाधानने कागद सीटखाली सरकवले.

"कोण आहे?" तिने विचारलं.

"कोण असणार? कुणी नाही."

"फोन दाखवा."

"फोन वर आहे."

तिला आठवलं, फोन खरंच स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. ती गोंधळली. "मग बोलत कुणाशी होतात?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने कागद काढून तिच्या हातात दिले, वर ती पुठ्ठ्याची पट्टी. "वाचत होतो," तो म्हणाला.

"इथे? असं?"

मग त्याने सांगितलं. शाळेपासूनचं सगळं, खाली बघत. कल्याणी शेजारी बसून ऐकत होती. आधी तिचा चेहरा मऊ झाला होता. मग हळूहळू ती काहीतरी आठवू लागली.

"फ्लॅटचा करारनामा मी वाचला," ती म्हणाली.

"हो."

"पॉलिसीचे कागद, प्रज्ञेशच्या शाळेची पत्रकं, आईंच्या ऑपरेशनच्या वेळचे सगळे कागद. प्रत्येक वेळी तुम्ही म्हणायचात, तूच बघ, तुला जास्त कळतं."

"हो."

"मी माहेरी सांगत आले, आमच्याकडे माझ्याशिवाय पान हलत नाही. बहिणींना ऐकवत आले. मला वाटायचं, तुम्ही मला मान देताय."

"मानही होता, कल्याणी."

"मान*ही* होता," ती म्हणाली. कागद तिने नीट जुळवून सीटवर ठेवले आणि ती वर निघून गेली.

समाधान तिथेच बसून राहिला. वाचता येत नाही याची लाज त्याला अंगवळणी पडली होती. ही लाज नवी होती. आपण फक्त स्वतःला झाकतोय असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं. त्या झाकण्यात या बाईच्या आयुष्यातला एक आनंद खोटा ठरला होता, आणि तो परत भरून द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं.

काही दिवस कल्याणी कामापुरतं बोलली. मग एका सकाळी तो कागद घेऊन दाराकडे निघाला तेव्हा ती पोळ्या लाटता लाटता, मान वर न करता म्हणाली, "मोठ्यानेच वाचायचंय तर हॉलमध्ये वाचा. तात्यारावांना फुकटचा कार्यक्रम नको."

तो हॉलमध्ये बसला. पहिल्या दिवशी आवाज फुटेना. प्रज्ञेशने दारातून डोकावून पाहिलं, आईने त्याला डोळ्यांनीच आत पाठवलं. समाधानने पट्टी ठेवली आणि सुरुवात केली.

त्याच सुमारास वर्षावास सुरू झाला आणि सुखदेवांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाचायला बंदी केली. विहारात वाचणार कोण, असा प्रश्न आला. समाधान रविवारी आईवडिलांकडे गेला होता. काळा चष्मा लावून बसलेले सुखदेव म्हणाले, "शेजारच्या वैजनाथला सांगतो. तो वाचेल."

"मी वाचतो, अण्णा," समाधान म्हणाला.

सुखदेवांनी चष्म्याआडून त्याच्याकडे पाहिलं असावं. "शिफ्ट नाही का?"

"नाही."

संध्याकाळी विहारात नेहमीची माणसं जमली. पंचशील झालं. समाधानने पट्टी ओळीखाली धरली आणि वाचायला लागला. पहिलं पान बरं गेलं. दुसऱ्या पानावर पंख्याच्या वाऱ्याने कागद हलला, पट्टी सरकली आणि नजर एक ओळ सोडून खाली उतरली. तो वाचत राहिला. समोरच्या रांगेतल्या एका म्हातारीने, जिला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं, सुटलेली ओळ तोंडपाठ म्हणून दाखवली. "ती राहिली, बाळा," ती मायेने म्हणाली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याला ठाऊक होतं काय करायचं ते. सगळे थांबून राहिले. समाधानने मागे जाऊन ती ओळ शोधून पाहिली, ती सापडेना. सापडली तेव्हा ती त्याने अडखळत वाचली. त्याने वर पाहिलं. सुखदेवांनी मान खाली घातली होती. कसंबसं पान संपवून त्याने ग्रंथ वैजनाथकडे दिला.

घरी जाताना सुखदेव म्हणाले, "डोळ्यात औषध घातलं होतं, म्हणून मान खाली धरावी लागली."

औषधाची वेळ सकाळची आणि झोपतानाची होती. समाधानला ते माहीत होतं.

घरी कांताबाईंनी त्याला भाकरी वाढली आणि समोर बसल्या. "एवढं काय मनाला लावून घेतोस? मला तर अक्षर येत नाही. मी लाजले का कधी?"

"तुला कुणी शिकवलंच नाही, आई. मला शिकवलं होतं."

कांताबाईंनी त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी ठेवली. आतून सुखदेवांचा आवाज आला, "उद्या अर्धंच पान घे. पण ये."

तो गेला. ऑफिसातून जमेल त्या दिवशी जात राहिला. अर्धं पान, कधी एक. एखाद्या दिवशी सरळ वाचलं जायचं, एखाद्या दिवशी पुन्हा म्हातारीला सांगावं लागायचं. लोकांना त्याची सवय झाली. त्याला स्वतःला मात्र दर वेळी दारात चप्पल काढताना परत फिरावंसं वाटायचं.

वर्गात हळूहळू त्याचे गुण वाढले. आधी अकरा, मग पंधराच्या पुढे. वाचायच्या आधी मथळा बघून 'मला याबद्दल काय माहीत आहे?' असं विचारायला तो शिकला. लेखकाचं म्हणणं आणि आपलं म्हणणं यांची सरमिसळ होते कुठे, तेही त्याला दिसायला लागलं. सेमिस्टरच्या शेवटी व्हिडिओवर तोंडी परीक्षा होती. शहरातले पदपथ अरुंद का होत गेले यावरचा अनोळखी उतारा बाईंनी पडद्यावर ठेवला. पडद्यावर पट्टी धरता येईना, तेव्हा त्याने विचारलं, "मॅडम, मी बोट ठेवून वाचलं तर चालेल?"

"पायाचं ठेवलंत तरी चालेल. वाचा."

त्याने वाचलं, मग परत वाचलं. बाईंनी विचारलं, "लेखक यात कुणाला दोष देतो?"

समाधान थांबला. "मॅडम, पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं की फेरीवाल्यांना देतोय. परत वाचलं तर तसं कुठे लिहिलेलं नाही. मी रोज त्या रस्त्याने जातो, माझी चिडचिड होते, म्हणून मला तसं दिसलं. तो कुणालाच दोष देत नाही."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "पुढचा प्रश्न," त्या म्हणाल्या.

निकाल आला तेव्हा तो बऱ्यापैकी गुणांनी पास झाला होता. बाईंचा मेसेज एका ओळीचा होता: "वाचलंत म्हणून पास झालात."

शेवटचं एक काम सगळ्यांना दिलेलं होतं. पुढच्या तुकडीसाठी, हा विषय कसा सुरू करावा याबद्दल अर्धं पान लिहायचं आणि ते वर्गाच्या पानावर टाकायचं. इतरांनी वेळापत्रक, नियमितपणा वगैरे लिहिलं. समाधानने लिहिलं की चहा गार व्हायच्या आत प्रकरण संपवणारा गृहस्थ मी होतो, पहिल्या चाचणीत मला सात गुण होते, आणि मला वाचता येत नव्हतं हे मी बाईंना सांगितलं तेव्हा माझी सुरुवात झाली. टाकून झाल्यावर त्याने फोन ड्रॉवरमध्ये ठेवला. दिवसभर त्याला आपण बाजारात उघडे उभे आहोत असं वाटत होतं.

संध्याकाळी पाहिलं तर अभिनंदनाचे चार-सहा मेसेज होते. मुक्ताईचा वेगळा होता. "सर, तुम्ही तवा ठीक हायेत म्हणाला व्हता. मी त्या दिवशी लई रडले. म्हनलं सर आपल्याबरोबरचेच, त्यास्नी जमतंय, मलाच डोकं न्हाई. सोडनार व्हते मी."

समाधानने तो मेसेज तीनदा वाचला. या वेळी वाचता आलं नाही असं म्हणायला जागा नव्हती. प्रत्येक शब्द पहिल्याच वाचनात कळला होता. खूप वेळाने त्याने लिहिलं, "चुकलं माझं, ताई. तुम्ही सोडलं नाही हे फार बरं केलं."

तिचं उत्तर आलं, "फुडच्या सेमिस्टरला खरे मार्क सांगा म्हंजे झालं."

आता तो दुसऱ्या वर्षाला आहे. वेग फारसा वाढलेला नाही. कल्याणी पूर्वीइतकं मोकळं बोलायला लागली आहे, पण घरातला कागद आला की तो मध्ये ठेवून दोघं एकेकदा वाचतात, आणि ती त्याला आधी काही सांगत नाही. डिग्री होईल तेव्हा होईल.

मागच्या महिन्यात ऑफिसात परदेशातल्या एका ग्राहकाचा करार आला. सहा-सात पानं, दाट मजकूर. मीटिंगमध्ये सगळ्यांपुढे त्याची प्रत होती. निकिता होती, नवे मॅनेजर श्रीनिवास कुलकर्णी होते, टीममधली दोन पोरं होती. कुलकर्णी म्हणाले, "ओव्हाळ, तुमचं काय मत? सही करून टाकायची ना?"

'मेलवर टाका, निवांत बघतो' हे वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं.

"मला हे वाचायला वेळ लागेल," तो म्हणाला. "मी सावकाश वाचतो. थांबता येईल का?"

"आत्ता? इथे?"

"हो."

टीममधल्या एका पोराने दुसऱ्याकडे पाहिलं. कुलकर्णींनी घड्याळाकडे बघितलं आणि खुर्चीत मागे टेकून बसले. समाधानने खिशातलं ओळखपत्र काढून पहिल्या ओळीखाली धरलं. त्याचे कान तापले होते, मानेवर घाम आला होता. खोलीत एसीचा आवाज तेवढा येत होता. ओठ न हलवता वाचायला त्याला अजून जमत नव्हतं, म्हणून ते हलत होते आणि सगळ्यांना दिसत होते. पहिलं पान झालं. त्याने ते उलटून दुसरं घेतलं.